पाकिटातला कौल

शल्यचिकित्सेत एमएस व्हायचं तर नुसता हात चालून भागत नाही, प्रबंधही लिहावा लागतो. ज्याला कापता येतं त्याला लिहिताही आलं पाहिजे, असा नियम कुणी केला ठाऊक नाही. लिहिणाऱ्यांना उलटा नियम अजून लावलेला नाही, ही वाचकांची पुण्याई.

डॉ. बुद्धप्रिया शिवशरण शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा प्रबंध पायांवर होता. आपल्या जिल्ह्यात जेवढी साखर कारखान्यांत होते तेवढीच माणसांच्या रक्तात होते, असं तिचे मार्गदर्शक म्हमाणे सर म्हणत. त्यामुळं पायांची टंचाई नव्हती. मधुमेहानं पाय बधिर झालेले असायचे. बोटाला जखम व्हायची, ती कळायची नाही, गुपचूप हाडापर्यंत सडत जायची आणि घरच्यांना वास आला की माणूस दवाखान्यात यायचा.

आता प्रश्न असा, की सडलेलं बोट लगेच काढून टाकावं, का औषधं देऊन, रोज जखम साफ करून थोडं थांबावं? लगेच काढलं तर कदाचित वाचलं असतं असं बोट जातं. थांबलं तर कदाचित बोटापायी पाय जातो. यावर मोठमोठ्या सर्जनांची ठाम मतं आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत एवढंच.

म्हणून बुद्धप्रियाचा अभ्यास. निम्म्या रुग्णांचं बोट लगेच काढायचं, निम्म्यांच्या बाबतीत थांबायचं, आणि शेवटी कुणाचे पाय जास्त वाचले ते बघायचं. कोण कुठल्या बाजूला जाणार हे डॉक्टरनं ठरवायचं नाही. कारण डॉक्टरही माणूसच. तो त्यातल्या त्यात बऱ्या जखमा नकळत आपल्या आवडत्या बाजूला सारतो, मग ती बाजू जिंकते, मग तो भाषणं देतो. ते टाळण्यासाठी बंद पाकिटं होती. रुग्णानं हो म्हटलं की त्याच्यासमोर पुढचं पाकीट फोडायचं. आत एकच शब्द असायचा. ‘काढणे’ किंवा ‘थांबणे’.

हे सगळं रुग्णांना समजावून सांगताना बुद्धप्रियाच्या तोंडाला फेस यायचा. नाणं उडवल्यासारखं आहे, असं एकाला सांगितलं तर तो म्हणाला, माझा पाय काय क्रिकेटची मॅच आहे? लॉटरीसारखं म्हटलं तर दुसऱ्यानं विचारलं, बक्षीस काय? संमतीपत्रात छापलेलं ‘यादृच्छिक’ हे तिला स्वतःलाच नीट उच्चारता येत नव्हतं. लोक मान डोलवायचे, घरी जाऊन येतो म्हणायचे आणि घरीच राहायचे.

एक दिवस सुंदरम्मा नावाच्या म्हातारीनं, तिचं सगळं ऐकून झाल्यावर, शांतपणे विचारलं, “म्हंजी कौल लावतेत तसं?”

बुद्धप्रिया दमली होती. ती म्हणाली, “हो आजी, तसंच समजा.”

सुंदरम्मानं अंगठा पुढं केला.

बुद्धप्रियाच्या घरात कौल, नवस, अंगारा या मंडळींना आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून दार बंद होतं. कौल म्हणजे काय हे तिनं वॉर्डातल्या मावशींनाच विचारून घेतलं. देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. मनातला प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माणूस पाकळीला हात लावत नाही, गुरव फुंकर मारत नाही. तिला वाटलं, हे तर आपल्या संशोधनशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सोपं आहे. तेव्हापासून ती स्वतःच म्हणू लागली, कौल लावल्यासारखं आहे बघा.

त्या महिन्यात संमती भराभर मिळाल्या. रुग्ण पाकीट फोडायच्या आधी हात धुऊन यायचे. एका बाईनं नारळ आणला होता. तो वॉर्डात फोडायला मनाई असल्यामुळं पार्किंगमध्ये फोडला गेला आणि त्याचं खोबरं भूलतज्ज्ञांनीही खाल्लं. म्हमाणे सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. रुग्णाच्या भाषेत बोलता आलं पाहिजे, ते म्हणाले.

कौल कसा लावतात ते तिनं विचारून घेतलं होतं. लावल्यावर काय करायचं असतं, ते विचारायचं राहिलं.

तिप्पण्णा त्याच सुमारास आला. मूळचा मैंदर्गीचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात माग चालवायचा आणि सायकलवर जाऊन-येऊन करायचा. चपलेचा खिळा वर आला होता, तो दिवसभर अंगठ्याशेजारच्या बोटात रुतलेला होता. संध्याकाळी चपलेला पाय चिकटला तेव्हा बायको बसव्वाच्या लक्षात आलं. हे सांगताना तिप्पण्णाला हसू येत होतं. खिळा आपल्याला टोचला नाही याचा त्याला थोडा अभिमानच होता.

नुसती हळद लावण्यात तीन आठवडे गेले होते, तोवर बोटाचं हाड सडलेलं होतं. बुद्धप्रियानं त्याला समजावलं. कौल हा शब्द आल्यावर तो खाटेवर सरळ बसला, डोक्यावरची टोपी नीट केली. मैंदर्गीहून बसव्वाचा भाऊ सिद्धाप्पा आलेला होता, त्यानं चपला काढून खाटेखाली सारल्या. बसव्वानं पदर डोक्यावर घेतला. पाकीट फुटलं.

“उजवा दिला का डावा?” तिप्पण्णानं विचारलं.

“थांबायचं आलंय, मामा.”

“पाय ठिव म्हणला,” तिप्पण्णा बसव्वाला म्हणाला, आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावून त्यानं डोळे मिटले.

तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण पुढचा रुग्ण वाट बघत होता.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. जखम तांबूस, स्वच्छ दिसू लागली. सिद्धाप्पा वॉर्डभर सांगत फिरायचा की आमच्या दाजींचा कौल लागला. तो मैंदर्गीला बाजाराच्या दिवशी मिरचीच्या ढिगापाशी बसायचा. आवाज त्याच मापाचा होता.

मग एका सकाळी तिप्पण्णाला थंडी वाजून ताप आला. पट्टी सोडली तर बोट काळं पडलं होतं आणि लाली पंजावर चढली होती. बुद्धप्रियानं लाली जिथं संपत होती तिथं बॉलपेननं रेघ ओढली. दुपारी लाली रेघेच्या पलीकडं होती. तिनं दुसरी रेघ ओढली.

तिप्पण्णा पायाकडं बघून म्हणाला, “काठ लई रुंद व्हायलाय की.” आयुष्यभर चादरींचे काठ विणले होते त्यानं.

म्हमाणे सर येऊन बघून गेले. आजच्या आज बोटांसकट पुढचा पंजा काढायला हवा, म्हणाले. उद्यावर गेलं तर गुडघ्याखालून. परवावर गेलं तर आपल्याला विचारू नका. अभ्यासाचा नियमही तोच होता. थांबायच्या बाजूला असलेल्या कुणाचं बिघडलं तर लगेच शस्त्रक्रिया करायची. हे संमतीपत्रात स्वच्छ मराठीत छापलं होतं आणि बुद्धप्रियानं वाचूनही दाखवलं होतं. पण तोवर तिप्पण्णाचे डोळे पाकिटावर होते.

ती खाटेपाशी बसली आणि तिनं सांगितलं. तिप्पण्णानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“न्हाय बाई,” तो म्हणाला. “कौल दिलाय. मोडायचा नसतोय.”

रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो रागावला नव्हता. तापानं डोळे लाल झाले होते आणि तरी तिलाच धीर दिल्यासारखं बोलत होता. सिद्धाप्पानं मग दाखला दिला. त्यांच्या गावात एकानं विहिरीसाठी कौल लावला, देवीनं वरच्या बांधाला सांगितलं, त्यानं सोयीचं म्हणून खालच्या बांधाला खणली. पाणी तर लागलं नाहीच, वर बैल मेला. बैल तेव्हाच म्हातारा होता ही माहिती पुढं बसव्वाकडून कळली.

बुद्धप्रियाला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की आपण या माणसाला काय सांगून बसलो. तिनं ठरवलं, आता खरं ते सांगायचं.

ती म्हणाली, तो कौल नव्हता. तुम्हाला समजावं म्हणून मी तसं बोलले, माझं चुकलं. त्या पाकिटात कुणी देव नाही. कॉम्प्युटरनं आकडे पाडले, आमच्या क्लार्कनं चिठ्ठ्या भरल्या, डिंक लावला. कुठली बाजू बरी ते आम्हाला ठाऊक नाही, म्हणून चिठ्ठी काढतो.

तिप्पण्णा कोपरावर उठला.

“तुमास्नी ठाव न्हाय?”

“नाही.”

“मोठ्या डाक्टरास्नी?”

“त्यांनाही नाही, मामा.”

“मग तेच की,” तिप्पण्णा म्हणाला. “ठाव नसतंय तवाच कौल लावतेत. ठाव असल्यावर कशाला लावतंय कुणी?”

यावर उत्तर तिच्या पुस्तकात नव्हतं. तिच्या आजोबांकडं असतं कदाचित. पण आजोबांनीही ते तापानं फणफणलेल्या माणसाला ऐकवलं असतं की नाही, शंका आहे.

ती सरांकडं गेली. सरांची ओपीडी चालू होती. ते म्हणाले, नकार लिहून घे, सही घे, आपण सांगायचं काम केलंय. ती हलली नाही तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, कौल म्हणायला तुला सांगितलं कुणी? शाबासकी त्यांनी चारचौघांत दिली होती, हा प्रश्न एकांतात विचारला. मोठ्या माणसांना कुठं काय द्यावं हे कळतं.

नकाराचा कागद तिनं ॲप्रनच्या खिशात घालून ठेवला. सही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाली घोट्यावर गेली होती. पायावर एकावर एक रेघा होत्या. बसव्वा पायथ्याशी बसून त्याच बघत होती. आदल्या दिवसापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. सिद्धाप्पा भावाच्या हक्कानं बोलत होता, तिप्पण्णा देवाच्या हक्कानं, डॉक्टर शिक्षणाच्या हक्कानं. तिला कुणी विचारलं नव्हतं. घरात मात्र कौल नेहमी तीच मागायची. पोरीच्या स्थळासाठी तिनंच मागितला होता.

बुद्धप्रिया रेघ ओढायला वाकली तेव्हा बसव्वानं विचारलं, “बाई, दुसऱ्या कुणाचं असं झालं न्हाय का? थांबायचं आलं आन् पुन्हा कापावं लागलं?”

“झालंय मावशी. दोघा-तिघांचं झालं.”

“त्यास्नी मग काडून टाकलं?”

“कशातून?”

“तुमच्या ह्येच्यातनं. हिशेबातनं.”

“नाही. काढत नाही,” बुद्धप्रिया म्हणाली. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, त्यामुळं उत्तर आपोआप आलं. “ज्या बाजूचं पाकीट निघालं त्याच बाजूला माणूस शेवटपर्यंत मोजायचा. पुढं त्याचं काय का करावं लागेना.”

“पाय कापला तरी?”

“कापला तरी. थांबणाऱ्यांत आला तो थांबणाऱ्यांतच.”

“का?”

“कारण ज्यांचं बिघडलं त्यांना आम्ही काढून टाकलं, तर उरतील ते सगळे बरे झालेले. मग आम्हीच म्हणणार, बघा, थांबणं किती चांगलं. ते खोटं होईल.”

बसव्वानं नवऱ्याकडं बघितलं. मग भावाकडं.

“मग कौल मोडतोय कुटं?” ती म्हणाली.

सिद्धाप्पानं तोंड उघडलं. तिनं हात वर केला, त्यानं ते मिटलं. मग ती नवऱ्याशी कानडीत बोलू लागली, खालच्या आवाजात, भराभर. बुद्धप्रियाला कानडी येत नव्हती. तिला एवढंच ऐकू आलं की मध्येच मुलीचं नाव आलं, शिवानी, आणि शेवटी बसव्वा म्हणाली, “साकु री.” पुरे झालं म्हणाली. विनवणी नव्हती ती. ताट वाढून झाल्यावर म्हणतात तसं म्हणाली.

तिप्पण्णानं डॉक्टरकडं मान वळवली. “थांबनाऱ्यांतच ऱ्हातो मी?”

बुद्धप्रियाला एक क्षण वाटलं, आता पुन्हा सांगावं की यात देव नाही, हा फक्त मोजायचा नियम आहे. काल तेच सांगितलं होतं. ते खरं होतं आणि त्यानं एक रेघ वाढली होती. आज सांगत होती तेही खरंच होतं. कुठलं खरं केव्हा सांगायचं, यावर प्रबंध लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“राहता,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत.”

“न्या मग.”

सिद्धाप्पा स्ट्रेचर ढकलायला सगळ्यांत पुढं होता. दाखला देणारी माणसं वेळेला खांदाही देतात, हे मान्य करायला हवं.

पंजावर भागण्याची वेळ निघून गेली होती. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. म्हमाणे सरांनी स्वतः काढला, बुद्धप्रिया समोर उभी होती. शस्त्रक्रिया बिनबोभाट झाली. बाहेर बसव्वा भिंतीला टेकून उभी होती. बुद्धप्रियानं सांगितलं, मामा ठीक आहेत. बसव्वानं विचारलं, कुठवर? बुद्धप्रियानं स्वतःच्या पोटरीवर हात ठेवून दाखवलं. बसव्वानं मान हलवली आणि ती तशीच खाली बसली. रडली ती नंतर, जेव्हा वॉर्डातल्या एका मावशींनी रिकाम्या खाटेखालून तिप्पण्णाच्या दोन चपला आणून दिल्या आणि विचारलं, दोन्ही ठेवू का?

अशा अभ्यासांवर नजर ठेवणाऱ्या दवाखान्याच्या समितीसमोर बुद्धप्रियानं स्वतःहून सांगितलं की या रुग्णाच्या शस्त्रक्रियेला उशीर झाला, तो माझ्या समजावण्यामुळं झाला.  मग एका सदस्यांनी सुचवलं की ‘रुग्णाच्या श्रद्धेमुळे’ असं लिहिलं तर बरं दिसेल. ती म्हणाली, श्रद्धा त्यांची घरची होती, पाकिटाला मी जोडली. म्हमाणे सर टेबलाकडं बघत होते. ते म्हणाले, ती म्हणते तसं लिहा, आणि कौल म्हणण्याला शाबासकी मी दिली होती तेही लिहा. हे त्यांनी चारचौघांत म्हटलं. माणसाबद्दल घाईनं मत बनवू नये.

कौल हा शब्द तिनं सोडला. संमती पुन्हा रडतखडत मिळू लागल्या. आता ती पाकिटाचं शेवटी सांगायची. बिघडलं तर काय करणार ते आधी सांगायची, आणि रुग्णाला तेच स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावायची. एका एका माणसापाशी सकाळ जायची.

तिप्पण्णा तपासणीला येत राहिला. आधी कुबड्यांवर, मग नकली पायावर. कारखान्यात मागावर उभं राहणं सुटलं होतं. मालकानं बसून चादरींच्या घड्या घालायचं काम दिलं होतं. विणणारा माणूस घड्या घालायला बसला की त्याला दुसऱ्याच्या विणीतले दोष फार दिसतात, असं तो म्हणाला. त्यामुळं कारखान्यात तो कुणालाच आवडेनासा झाला होता.

शेवटच्या तपासणीला तो आणि बसव्वा दोघं आले. बुद्धप्रियानं कापलेल्या पायाचा खुंट तपासला. कातडी भरून आली होती. दुसरा पाय तिनं बोट न् बोट बघितला. मग तिप्पण्णानं, बरेच दिवस मनात ठेवलेलं विचारावं तसं, विचारलं, “आमची बाजू कशी हाय, बाई?”

“अजून सांगता येत नाही, मामा. सगळ्यांच्या तपासण्या संपल्याशिवाय आम्हीसुद्धा बघत नाही.”

“पर माजा पाय थांबनाऱ्यांत धरलाय.”

“धरलाय. म्हटलं होतं ना.”

 बाहेर नंबर पुकारला जात होता. बसव्वा म्हणाली, चला. तो हलला नाही.

“म्हंजी थांबनाऱ्यांच्या नावावर एक पाय गेला.”

“हो.”

“असं दोन-चार गेलं, तर आमची बाजू हरनार.”

“हरू शकते. एकट्या पायानं ठरत नाही. आणि तुमचा पाय नुसत्या थांबण्यानं गेला नाही, माझ्या शब्दानं उशीर झाला. तेही लिहिलंय मी.”

“एकटीचं कशाला लिवलं? मी बी अडून बसलो की.” त्यानं ते बाजूला सारलं. त्याचा हिशेब अजून पुरा झाला नव्हता. “हरली म्हंजी पुन्हा हितं येनाऱ्या मानसाचं काय करनार?”

“बोट लगेच काढा, असं सांगणार.”

“नुसतं बोट?”

“नुसतं बोट.”

तिप्पण्णानं बसव्वाचा खांदा धरला आणि तो उठला. नकली पाय जमिनीवर नीट टेकला आहे की नाही ते त्यानं वाकून बघितलं, कारण त्या पायाला ते कळत नव्हतं. तसं ते आधीच्या पायालाही कळत नव्हतं.

“मग हरू द्या,” तो म्हणाला, आणि दाराकडं निघाला.